ह्यांचा हातगुण

…नाही, पण मी काय म्हणते, जावयानं प्रेमानं आणलेली वस्तू सासऱ्यानं घ्यायची की नाही घ्यायची? घ्यावी तर लेकीचा संसार बुडतो आणि न घ्यावी तर जावई रुसतो! आता सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? हसू नका हो… तुम्हाला सांगते, हसण्यासारखं ह्यात काही राहिलेलं नाही, मी पार रडकुंडीला आलेय.

तसे आमचे हे माणूस म्हणून सोनं बरं का. व्यसन नाही, उधळपट्टी नाही, आवाज चढवून बोलणं नाही. नोकरी होती सरकारी, दुकानदारांचे वजनकाटे तपासायची. काटा केसभर कलला तरी ह्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा! एवढा काटेकोर माणूस… पण घरात गाणी ऐकायचं नाहीतर सिनेमा बघायचं कुठलंही यंत्र ह्यांनी घेतलं, की ते संपलंच म्हणून समजा!

बिघडत नाही हं, गैरसमज नको. बिघडलं तर दुरुस्त तरी करता येतं. ह्यांनी घेतलेलं यंत्र अगदी ठणठणीत असतं, जगच त्याला सोडून पुढे जातं! लग्न झालं तेव्हा हौसेनं रेकॉर्ड प्लेअर आणला. लाकडी पेटी, वर झाकण, झाकणाला कुलूप. मला म्हणाले, "आता आयुष्यभराची सोय झाली." कसली आयुष्यभराची? पेटीचं पॉलिश वाळायच्या आत शेजारच्या घरात कॅसेट वाजायला लागली! बरं, मग लगेच कॅसेटचा टेप घ्यावा की नाही? छे! ह्यांचं एक तत्त्व आहे. "वस्तू आधी लोकांनी वापरून सिद्ध झाली पाहिजे, मग किंमत उतरली पाहिजे, मगच आपण घ्यायची." झालं! वस्तू सिद्ध होईपर्यंत वर्षं गेली, किंमत उतरली, हे खुशीत दुकानात गेले, दोन कॅसेटी बसतात असा टेप घेऊन आले… आणि का उतरली होती किंमत? कारण सीडी आली होती!

व्हिडिओच्या वेळी तर कहरच केला. तेव्हा दोन प्रकारच्या कॅसेटी होत्या, एक मोठी आणि एक छोटी. ह्यांनी दोन्हींचा अभ्यास केला. अभ्यास! परीक्षेला बसल्यासारखा! निकाल काय, तर छोटीचं चित्र जास्त स्वच्छ. घेतलं छोटीचं यंत्र. आम्ही दोघं नटूनथटून कॅसेट भाड्यानं आणायला गेलो, तर तो लायब्ररीवाला हातातलं बिस्किट चहात विसरून ह्यांच्याकडे बघतच राहिला. "साहेब, त्या मापाच्या कॅसेटी? त्या आम्ही कालच भंगारात घातल्या हो… थोडं आधी यायचं!" थोडं आधी यायचं! हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की ते आमचं आडनाव आहे असं लोकांना वाटायचं.

आणि तो चष्म्याचा टीव्ही! त्यातलं चित्र अंगावर येतं म्हणे. आलं ना, आमच्याच अंगावर आलं! काळे चष्मे लावून, दिवे घालवून आम्ही सगळे एका ओळीत बसलेलो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाई साखर मागायला आली आणि दारातूनच किंचाळली, "अगंबाई, सगळ्यांचे एकदम डोळे आले का?" बरं, त्या चष्म्यातून बघायला होतं काय? टीव्हीबरोबर फुकट मिळालेली एक माशांची डिस्क. नवीन काही बाजारात येईचना, कारण त्या टीव्ही बनवणाऱ्यांनी कारखानाच बंद केला. मग काय, रोज तोच मासा… तस्साच तोंड उघडत अंगावर यायचा. शेवटी शेवटी आम्ही कुणी दचकायचोही नाही, तोच बिचारा ओशाळल्यासारखा वळून जायचा.

हे सगळं माळ्यावर आहे. एकेकाला मी जुन्या चादरीचा अभ्रा शिवून घातलाय. टाकू देत नाहीत ना! "चालू वस्तू कोणी टाकतं का?" आता चालू आहे म्हणजे काय, हे त्यांना कोण समजावणार?

होता होता गावभर झालं. विजेच्या वस्तूंच्या दुकानात हे नुसते शिरले तरी मालक घाईघाईनं नव्या मालावर चादर ओढतो आणि म्हणतो, "काका, पंखा बघा ना, इस्त्री बघा!" शेजारीपाजारी अगदी गोड आवाजात चौकशी करतात, "सध्या काय घ्यायचा विचार आहे?" मी एकदा भोळेपणानं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्या बयेनं स्वतःचा तोच सेट परत केला! डॉक्टरच्या हाताला गुण असतो म्हणतात ना? ह्यांचाही हातगुण, पण असा. ह्यांनी घेतलं, की संपलं!

आणि अशा घरात जावई कोण मिळावा? असलीच यंत्रं विकणारा!

मुलगा लाखात एक हो, त्यात वाद नाही. नम्र, कष्टाळू, आमच्या लेकीला फुलासारखं जपणारा. त्यानं टीव्हीला जोडायच्या एका काळ्या डबीची एजन्सी घेतली. ती डबी लावली की नुसतं बोलायचं, म्हणाल तो सिनेमा हजर. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. पोरीनं हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि वर मला म्हणते, "आई, मोकळ्या हातांनी काम छान होतं गं." त्यात त्याच्या दुकानासमोरच दुसरं दुकान, तो विकतो दुसऱ्या कंपनीची पांढरी डबी. म्हणजे दोघांतला एकच तगणार हे उघड.

आणि एक दिवस लेकीचा फोन. "आई, रविवारी येतोय गं आम्ही! पहिली डबी बाबांना द्यायची असं ह्यानं ठरवलंय. पहिला मान बाबांचा!"

मी तिथेच स्टुलावर बसले. म्हटलं, "अगं बाळ, वेड लागलंय का? तुझ्या बाबांचा हात…"

"आई, तू पण ना! कुठल्या काळात राहतेस?" असं म्हणाली खरी… मग अगदी हळू आवाजात, "पण… तू त्यांना हात लावू देऊ नकोस हं."

रविवार उजाडला. हे सकाळपासून खुशीत. इस्त्रीचा शर्ट, जावईबापू येणार म्हणून टीव्ही पुसून ठेवलेला. आले दोघं. जावयानं रिबीन बांधलेलं खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं, "बाबा, तुमच्या हातानं उघडा." ह्यांनी हात पुढे केले… आणि मी त्या हातांत चहाचा ट्रे दिला! ट्रे ठेवला तर बिस्किटांची बशी दिली. बशी ठेवली तर लोणचं नाही, मुरंबा नाही, कसल्याशा रिकाम्याच बरणीचं झाकण उघडायला दिलं! लेकही कमी नाही, ती म्हणते, "बाबा, माझी पर्स धरा ना जरा." तास झाला तरी ह्यांचे हात रिकामे म्हणून होऊ दिले नाहीत आम्ही मायलेकींनी. जावई आपला खोकं घेऊन इकडून येतोय, तिकडून येतोय, "बाबा, हे…", "बाबा, जरा…"

आणि मग ह्यांच्या लक्षात आलं.

तुम्हाला सांगते, तो चेहरा मला बघवेना. हातातली पर्स खाली ठेवली, दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांवर बसले. शाळेत मास्तरांनी दटावल्यावर बसतात तसे. म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच लावा. माझे हात… तेलकट आहेत." एवढा खरेपणानं जगलेला माणूस, आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, त्याला मी आमच्याच घरात खोटं बोलायला लावलं! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू… पण पोरीचे मोकळे हात दिसत होते ना समोर.

पण खोटं कुठलं पचतंय ह्यांना? घोटभर पाणी प्यायले आणि सगळं सांगून टाकलं. रेकॉर्ड प्लेअर, टेप, छोट्या कॅसेटी, मासा, सगळं. जावई आधी हसला. खूप हसला, डोळे पुसले. मग हसता हसता थांबला. "माळ्यावर आहे म्हणता सगळं?" स्टुलावर चढला, एकेक अभ्रा उचलून बघितला. बराच वेळ वर होता हो. खाली उतरला तेव्हा चेहऱ्यावर रंग म्हणून नव्हता. "आलोच बाबा," म्हणाला, काळं खोकं काखोटीला मारलं आणि जिना उतरून गेला.

मला वाटलं, गेला! रुसला! आता काय तोंड दाखवायचं? तर हा परत आला… हातात पांढरी डबी! त्याच्या दुकानासमोरच्या त्या दुकानातून रोख पैसे मोजून आणलेली! ह्यांच्या पुढ्यात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाबा, ही माझ्याकडून. तुम्ही हीच वापरा. रोज वापरा. अगदी मनसोक्त वापरा!"

हुशार की नाही पोरगं? मी तर मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. आणि ह्यांनीही ते काम असं अंगावर घेतलं की विचारू नका! सकाळी उठले की डबी लावायची, दुपारची झोप बंद, जेवताना डबी, पाहुणे आले तरी डबी. न आवडणारे सिनेमेसुद्धा शेवटपर्यंत बघायचे. मी म्हटलं, "अहो, डोळे बिघडतील." तर म्हणतात, "लेकीसाठी एवढंही करू नये का बापानं?" रोज पेपरात शोधायचे, "बंद पडली का गं कंपनी?" मी म्हणायची, "पडेल हो, धीर धरा. तुम्ही घेतलंय, म्हणजे संपणारच!"

आठवडा गेला, महिना गेला. डबी चालूच! वर्ष सरत आलं तरी चालूच! आणि इथेच घात झाला. कारण गावाला कळलं ना! "अरे, काकांकडे पांढरी डबी आहे म्हणे!" "मग? बंद पडली असेल." "नाही ना! अजून चालू आहे!" "काय सांगतोस? काकांच्या घरी? म्हणजे काय दणकट कंपनी असेल ती!" अहो, रांगा लागल्या समोरच्या दुकानात, रांगा! जो माणूस उभ्या आयुष्यात ह्यांच्यामुळे वस्तू परत करायचा, तोच ह्यांच्यामुळे विकत घ्यायला लागला! आणि त्या समोरच्यानं तर हद्दच केली. दुकानाच्या दारावर ह्या एवढ्या अक्षरांत पाटीच लावली, "काकांच्या घरीसुद्धा चालू!"

आता बोला! ज्या हाताच्या धाकानं पोरीनं काळं खोकं बापापासून लांब ठेवलं, त्याच हातानं समोरच्याचं दुकान उभं केलं. जावयाचं शटर खाली आलं. गिऱ्हाईक फिरकेचना. मी देवाला हात जोडले, ह्यांना म्हटलं, "आता तरी बंद करा ती डबी!" बंद केली, तर आवाज येईना म्हणून लोक खाली येऊन विचारायला लागले, "काका आजारी आहेत का?" आणि चौकशी करून तसेच पुढे जाऊन डबी घेऊन आले!

काल दुपारी दोघं आली होती. जावई आता समोरच्याच दुकानात नोकरीला लागलाय. त्याच्याच काउंटरवर बसतो, अंगात त्यांचा पांढरा शर्ट. त्यातल्या त्यात बरं म्हणायचं, पगार वेळेवर होतो. लेक खाली मान घालून चहा ढवळत होती, साखर कधीच विरघळली होती तरी ढवळत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं बिचारे आतून किती तुटले असतील. तर हे माझ्याकडे सरकले. अगदी जवळ. कानाशी तोंड आणलं. आणि काय सांगू तुम्हाला, पोरीचं दुकान बुडालेलं, जावई समोर परक्या शर्टात बसलेला, आणि ह्या माणसाला हसू लपवता येत नव्हतं हो! हळूच मला म्हणतात,

"पण… जन्मात एक तरी चालली की नाही, गं?"

मी उठले. रिमोट दिला हातात. म्हटलं, लावा.