पांदणीतला सराव

हरिसिंग : नाही, बाबूसाहेब, अक्सिलेटर नका दाबू. दाबला ना? बसली गाडी अजून चार बोटं.

मंदार : काका, सुट्या मातीत चाक थांबू द्यायचं नसतं. आमच्या क्लबात तसंच शिकवतात.

हरिसिंग : कुठं हाय तुमचा क्लब?

मंदार : पुण्यात.

हरिसिंग : मंग ते पुण्याची माती शिकवत असतीन. ही काळी हाय. परवा इथं पाइप फुटला होता. वरून पापुद्रा वाळला, खाली लोणी. अन तुमी लोण्यात रवी फिरवून राह्यले.

नंदाबाई : शामचे बाप, गोठी मंग करा. सव्वाचार झाले. मी या कापसावर बसून वाळून राह्यली.

मंदार : काकू, तुम्ही घाईत आहात का?

नंदाबाई : घाईत? नाही बाप्पा, आमी त ट्रॉलीत कापूस भरून हवा खायले निंघालो.

हरिसिंग : राळेगावले सरकारी खरेदीचा आज शेवटचा दिवस हाय. पाचच्या आत सातबारा खिडकीत गेला, त नंबर लागते. मंग माल रातच्यालेबी मोजतात. नाही गेला, त उद्यापासून व्यापारी म्हणन तो भाव. अन तांड्यातून निंघाले हा एकच रस्ता, त्याच्यात तुमी आडवे.

मंदार : सॉरी, काका. मला वाटलं, इथे कोणी येत नसेल, म्हणून सरावाला आलो.

हरिसिंग : दारावर अकरा नंबर कायचा लावला?

नंदाबाई : मले वाटलं निवडणुकीले उभा हाय.

मंदार : स्पर्धेचा नंबर आहे. उद्या यवतमाळला ऑटोक्रॉस आहे. मैदानात प्लास्टिकचे कोन ठेवतात, त्यांच्यामधून एकेक गाडी काढायची. ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला.

हरिसिंग : अन कोन पाडला त?

मंदार : पाच सेकंद वाढवतात.

हरिसिंग : बस? आमी नेरच्या बाजारातून जीप काढत होतो, मधात बकऱ्या, पोट्टे, भाजीवाल्या. एक पाडून पाहा, किती सेकंद वाढवतात ते.

मंदार : दुसरा प्रकार ड्रॅग रेस. चारशे मीटर सरळ, दोन गाड्या शेजारी.

हरिसिंग : हे त बैलाच्या शंकरपटाचं झालं. फरक इतकाच, का पटात बैलाले अक्कल असते.

मंदार : खरी कसोटी रॅलीत लागते, काका. एक प्रकार असा असतो, की ठरलेल्या वेळेलाच पोचायचं. उशिरा गेलं तरी दंड, लवकर गेलं तरी दंड.

नंदाबाई : लवकर गेल्यावर दंड? कोण्या शहाण्यानं काढलं हे? त्याले एक डाव खरेदीच्या लायनीत उभा करा.

हरिसिंग : अन घाटातली?

मंदार : हिल क्लाइंब. वर चढायचं, फक्त वेळ पाहायची.

हरिसिंग : मी जीप चालवत होतो तवा सोळा शिटा घेऊन घाट चढत होतो. वेळ पाहाले घड्याळच नव्हतं. ब्रेकही अमावस्या-पुनवेले लागत होता. धरा, हा दोर तुमच्या गाडीच्या मागं अन ट्रॅक्टरच्या तोंडाले बांधा, अन गाडी न्यूट्रल करा. मी ट्रॅक्टर मागं घेतो.

मंदार : मागे? भरलेल्या ट्रॉलीसकट? या बोळातून? काका, ट्रॉली वाकडी जाईल.

हरिसिंग : पाय बाजूले ठेवजा अक्सिलेटरपासून. इतकंच काम हाय तुमचं.

(हरिसिंगने मान मागे वळवली ती वळवलीच. दोन्ही बाजूंना बाभळी, हातभर जागा, मागे कापसाने फुगलेली ट्रॉली. तरी ती रेषेत सरकली आणि समोरची गाडी चिखलातून सुटली. मनातून तो चांगलाच खूश झाला होता, पण पुण्याच्या पोराला ते दाखवेल तर हरिसिंग कसला.)

मंदार : काका, एकाही काट्याला कापूस लागला नाही. आमच्या क्लबात हे कोणालाच जमणार नाही.

हरिसिंग : जमन. एक वर्ष शेणखत वाहाले लावा त्याइले. आता दोन चाकं या वावराच्या उंच धुऱ्यावर, बांधावर ठेवा अन दुसऱ्या गिअरात हळू जा. थांबू नका, दाबूही नका. मर्दानगी पुढं डांबरीवर दाखवजा.

मंदार : निघाली, काका. खरंच निघाली.

हरिसिंग : हो, पाह्यलं. पण आता साडेचार झाले. ट्रॅक्टरनं पाऊण घंटा लागते. गेला आपला नंबर, नंदे. हे पोरगं रस्त्यात नसतं, त पोचलो असतो.

नंदाबाई : तुमी या ट्रॅक्टर घेऊन हळूहळू. सातबाऱ्याची पिशवी द्या इकडं.

मंदार : काकू? तुम्ही गाडीत कुठे बसताय?

नंदाबाई : पुढं. मांग त तुही चाकंच ठेवून हायेत.

मंदार : काकू, मला यवतमाळला जायचंय. साडेपाचला तिथे कागद तपासतात. नाही पोचलो, तर उद्याच्या शर्यतीतून नाव जाईल.

नंदाबाई : मले राळेगावले जायचं हाय. पाचले खिडकी बंद होते.

मंदार : मी महिनाभर तयारी करतोय हो या शर्यतीची.

नंदाबाई : मी मिरगापासून करून राह्यली. दार लाव, बाबू.