दोन पानांपुरती वाट

सासू : …‘आता तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला नको,’ असं म्हणाले होते तुझे बाबा. घरात नळ आला ना, त्या दिवशी. इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज अजून कानात आहे माझ्या. केवढे खूश होते.

दीर : आई, नळ झाला, आता प्रिंटरकडे येऊ दे मला. वहिनी, तुम्ही जरा बसा इथं. ओट्यापाशी उभं राहून नुसती मान हलवताय.

सून : ऐकतेय मी, भाऊजी. दुधावर लक्ष आहे एवढंच.

दीर : तर पहिली गोष्ट, अगदी स्वस्तातला घ्यायचा नाही. तो गळ असतो गळ. यंत्र जवळजवळ फुकट देतात आणि मग शाईच्या डबीसाठी जन्मभर दारात उभं करतात. डबी बोटाएवढी, बघता बघता खडखडाट. नवी आणायला गेलं की वाटतं, त्यापेक्षा दुसरा प्रिंटरच आणावा.

सून : मग नकोच आणायला.

दीर : म्हणून टाकीवाला. आधी खिशाला जरा चटका बसतो, पण पुढं बाटलीतली शाई ओतली की महिनोन्‌महिने विचारायला नको. पानामागे पडतं काय, जवळजवळ काहीच नाही.

सून : टाकीतली शाई वाळते म्हणे.

दीर : पडून राहिली तर वाळते. आठवड्यातून एक पान काढायचं, रंगीत, म्हणजे सगळ्या नळ्या वाहत्या राहतात.

सासू : म्हणजे त्यालाही अधूनमधून बाहेर सोडावं लागतं.

दीर : त्याला नाही गं, शाईला.

सासू : तेच ते.

सून : पावडरवाला बरा असतो म्हणतात. माझी तर प्रुफं, सगळी काळीच अक्षरं.

दीर : वा, अभ्यास केलाय तुम्ही. खरंय, काळ्या अक्षरांना तोच उत्तम, पावडर वाळतही नाही. पण घरातल्या वायरींचा हा पसारा जुना आहे. पावडरवाला चालू झाला की घरातले दिवे मान टाकणार. आणि पावडर संपली की भरून आणायला परत दुकान गाठा.

सून : जाईन की मी.

दीर : अहो, तेच तर टाळायचंय आपल्याला.

सासू : दूध बघ गं.

सून : बंद केलंय, आई.

दीर : आता खर्च आवरायच्या युक्त्या सांगतो. एक तर फिकट छपाई ठेवायची. शाई निम्मी लागते.

सून : फिकट छापलं की अनुस्वार दिसत नाहीत. माझं सगळं पोट त्या टिंबावर आहे. एक अनुस्वार सुटला की प्रकाशक दिवसभर फोनवर ऐकवतात.

दीर : बरं, अनुस्वारांना अभय. कागद दोन्ही बाजूंनी वापरायचा.

सून : मागची अक्षरं पुढं झिरपतात. प्रुफावर लाल खुणा करायच्या असतात हो मला. कुठली खूण कुठल्या पानाची, कळणार नाही.

दीर : मग जरा जाड कागद घ्या. तोही नको असला तर झालेल्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजू वापरा. इथं कपाटावर ढीग लागलाय, छताला टेकेल आता. आणि एक, भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचं नाही. आधी यंत्राचं बटण दाबून त्याला नीट झोपवायचं. नाहीतर दर वेळी उठताना ते तोंड धुतं, आणि शाईनं धुतं.

सून : जागा कुठंय, भाऊजी? हे एक टेबल. त्यावर माझी प्रुफं, आईंच्या गोळ्या, आणि जेवणंही त्यावरच.

दीर : मोजलंय मी. खिडकीखालच्या फळीवर बसतो बरोबर. बोटभर जागा उरते.

सून : तुम्ही मोजलंत कधी?

दीर : मागच्या रविवारी. तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात पानं काढायला गेला होतात तेव्हा.

सून : आणि आवाज? आई दुपारी पडतात जरा.

सासू : मला कसला आवाज. मी जागीच असते.

दीर : वहिनी, मी एक म्हणतो आणि तुम्ही त्यात खोडा घालता. त्या झेरॉक्सवाल्यानं तुम्हाला दलाली लावलीय का? आहे काय त्याच्याकडे? एक टेबल, एक पंखा आणि त्या पंख्यानं उडणारे कागद.

सून : काही नाही त्याच्याकडे. त्याचं तोंडही मी धड बघत नाही.

दीर : मग आठवड्याची पानं एकदम का काढून आणत नाही? रोज दोन पानांसाठी ती पायपीट.

सून : लेखक बदल करत राहतात. आज काढलेलं उद्या शिळं होतं.

सासू : परवा तर दोनदा गेली. एक पान राहिलं म्हणून.

दीर : कोण, वहिनी? स्वल्पविराम सुटत नाही यांच्या नजरेतून. आख्खं पान कसं राहिलं?

सून : राहिलं.

दीर : हं. म्हणजे दमलाय तुम्ही. दादाला मी तेच म्हणालो. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं, तेव्हा बोलणं झालं. म्हणाला, घेऊनच टाक, त्या दोघींचं बरं होईल. आईजवळ कायम कुणीतरी राहील.

सून : कायम.

दीर : म्हणजे… तुमची दगदग वाचेल असं.

सून : घेऊन टाक, असं म्हणाले?

दीर : हो. आता लपवत नाही, खोकं खाली गाडीत आहे. टाकीवालाच. विचारायचं म्हणून विचारत होतो, सगळ्या शंका आधीच फिटाव्यात म्हणून. असं तोंड करू नका हो. भेट आहे. आता तुम्हाला कुठंच जायला नको, वहिनी. बसल्या जागी पान हातात.

सासू : जा बाबा, घेऊन ये तो. जिना जपून उतर.

(दीर खोकं आणायला खाली जातो. दार उघडंच राहतं.)

सून : उशी जरा वर घेऊ का, आई?

सासू : राहू दे. बस इथं.

सून : चहा टाकते.

सासू : बस म्हटलं ना. तो बोलला ते बाबांचंच वाक्य होतं. ऐकलंस?

सून : ऐकलं.

सासू : तेव्हा मी घागर घेऊन जायची. डोईवर पाणी, पायाखाली वाट, आणि वाटेवर आम्ही साऱ्या जणी. कुणाचं माहेर, कुणाचं दुखणं, कुणाची नुसतीच थट्टा. घरी पोचेपर्यंत घागर जड वाटायची नाही. नळ आला आणि वाट गेली. त्या वाटेला गाणी होती गं. नळाला नुसता आवाज होता.

सून : तुम्ही बाबांना बोलला नाहीत?

सासू : काय बोलणार? माणूस एवढा हौसेनं नळ आणतो, त्याला सांगायचं की मला पाणी नकोच होतं? मी तोटीला हळद लावली, हसले. मग मोरीत जाऊन तोटी सोडून बसले, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

सून : आई, मग तुम्हीच का नाही म्हणालात आता, की नको आणू प्रिंटर?

सासू : कारण मीच सांगितलं त्याला आणायला.

सून : तुम्ही?

सासू : मागच्या रविवारी. तू दुकानात गेली होतीस तेव्हा. फळी त्यानं मोजली, पण जागा मी दाखवली.

सून : का पण? माझं काही चुकत होतं का? वेळेवर गोळ्या, वेळेवर जेवण, कूस बदलायला मी रात्री उठते…

सासू : तुझं काही चुकत नाही. तेच तर. तू बाहेरून कुलूप लावतेस ना, त्याचा आवाज येतो. मग तुझी पावलं जिन्यावरून उतरत जातात. पहिल्या वळणापर्यंत ऐकू येतात, पुढं नाही. मग मी पडून राहते त्या कुलपाकडे कान लावून. पायात जोर होता तोवर असली भीती कधी शिवली नाही मला.

सून : पडाल अशी भीती?

सासू : पडायचं काय, पडलेलीच आहे मी. तू परत येणार नाहीस, अशी.

सून : येतेच की मी, आई. रोज येते.

सासू : येतेस. पण तुझ्या जागी मी असते, तर रोज आले असते का, असं मनात येतं. तुझा नवरा समुद्रावर, त्याची आई तुझ्या गळ्यात. लग्न त्याच्याशी झालं आणि संसार माझ्याशी चाललाय तुझा.

सून : असं नका बोलू.

सासू : बोलू दे. बाबा निदान भाबडेपणानं बोलले होते. मी जाणूनबुजून तेच वाक्य पोराच्या तोंडी घातलं आणि तुझ्या वाटेत उभं केलं. आता तो जिना चढतोय. ऐक, धापा टाकतोय. परत ने म्हणू का त्याला?

सून : नको. हौसेनं आणलाय त्यांनी.

सासू : बघ. तूही तेच म्हणालीस.

दीर : सरका, सरका. यंत्रापेक्षा खोकंच जड आहे. काय झालं? दोघी अशा का बसल्यात?

सासू : काही नाही. फळीवर ठेव.

दीर : बघा, बसला की नाही? बोटभर जागा उरणार म्हणालो होतो, उरली. आता शाई ओतायची. बाटलीचं तोंडच असं केलंय की चुकीच्या टाकीत जातच नाही. आई, बघ, निळी कशी उतरतेय.

सासू : सुंदर आहे रे रंग.

दीर : पहिल्यांदा नळ्या भरायला वेळ घेतो. तेवढी शाई पिणारच तो, नंतर नाही. वहिनी, प्रकाशकाची आजची पानं पाठवा ना फोनवरून. तुमच्याच पानानं सुरुवात करू.

सून : पाठवली. दोन आहेत.

दीर : आली. निघतील आता. अहो, चपला कुठं घालताय?

सून : जाऊन येते.

दीर : दुकानात? मशीन इथं गुरगुरतंय की.

सून : तुम्ही आहात ना घरी? गोळी दुधाबरोबर द्यायची. दूध कोमट करा आधी.

दीर : देतो हो. पण काय आणायचंय, सांगा, येताना मी आणतो.

सासू : हातात काहीच नाही घेतलंस गं. पिशवीही नाही.

सून : काही आणायचं नाहीये, आई. कधीच नसायचं, पानं नुसतं निमित्त. ते पान परवा मी मुद्दाम मागं ठेवलं होतं. दुकानाच्या पुढं, वळणावर, बस थांबते. मी तिथं उभी राहते, एक बस जाईपर्यंत. एकदा दार उघडून चालकानं विचारलं, ‘बाई, यायचंय का?’ मी पाय उचलला होता. मग हातातल्या दोन पानांकडे बघितलं आणि नाही म्हटलं.

दीर : वहिनी…

सासू : तू गप्प बस. बोल गं तू.

सून : एवढंच. आज हातात पानं नाहीत, तरी येईन. कुलूप लावत नाही, आई. दार नुसतं लोटून जाते.