मॅककॉरिनांचा मूळपुरुष

टॉरक्विल : ...म्हणून म्हणतो आत्या, त्या लोकांना आल्या पावली जाऊ दे. राजानं त्यांच्या कुळाचं नावच बंद केलंय. 'मी मॅकरोवन' असं म्हणणारा सापडला की फास. आसरा देणाऱ्याचं घर जाळतात.

मार्सली : खाली किनाऱ्यावर बसलेत रे. एक बाई तर दिवस भरलेली आहे.

टॉरक्विल : बाबा जाऊन महिना नाही झाला. कुळाची पगडी माझ्या डोक्यावर नवी आहे. ते असते तर कुत्री सोडली असती. आपण मॅककॉरिन, समुद्रराजाच्या रक्ताचे. हे गुरंचोर कुठले!

मार्सली : समुद्रराजा! कुणी सांगितलं तुला?

टॉरक्विल : भाट दर सणाला गातो की. कॉरिन, राजाचा धाकटा मुलगा, गलबतांचा ताफा घेऊन आला...

मार्सली : तो राजा गाण्यात घालावा म्हणून माझ्या आजोबांनी तेव्हाच्या भाटाला दुभती गाय दिली. जमिनीचा तंटा होता, थोर पूर्वज हवा होता. आजी वेगळंच सांगायची.

टॉरक्विल : काय?

मार्सली : कॉरिन आयर्लंडात माणूस मारून पळाला. कातड्याची होडी, आत एक शेळी. इथं एका विधवेच्या दारात उभा राहिला, तर तिनं सुरा काढला.

टॉरक्विल : मग?

मार्सली : मग काय! तिच्या शेतात नांगर धरायला कुणी नव्हतं. ठेवून घेतला. त्यांचे आपण.

टॉरक्विल : हे भाटासमोर बोलू नकोस.

मार्सली : कशाला बोलू? त्याचं पोट आहे. पण गेल्या लढाईपासून आपल्या मोठ्या होडीची निम्मी वल्ही भिंतीला टेकून आहेत, धरायला माणसं उरली नाहीत, तेवढं बघ.

टॉरक्विल : ...बोलाव त्यांच्या म्होरक्याला.

(गिलिस आत येतो. ओला, टोपी हातात.)

टॉरक्विल : नाव?

गिलिस : गिलिस मॅकरोवन.

टॉरक्विल : मला सांगितलंस ते सांगितलंस. राजाच्या माणसांनी विचारलं तर?

गिलिस : हेच सांगीन, सरदार. बाप याच नावापायी फासावर गेला.

मार्सली : आणि किनाऱ्यावरची ती बाई कोण तुझी?

गिलिस : सून. मुलगा वाटेत मेला.

टॉरक्विल : वल्हं मारता येतं?

गिलिस : आमच्या बायकांनासुद्धा येतं.

टॉरक्विल : मग ऐक. उंबऱ्याबाहेर तुम्ही मॅककॉरिन. माझ्यासाठी लढायचं, माझ्या होड्या चालवायच्या. उंबऱ्याच्या आत काय म्हणता, ते मी विचारणार नाही.

गिलिस : बापाचं नाव टाक म्हणता.

टॉरक्विल : झाकून ठेव म्हणतो. नाहीतर भरतीला निघा. मी अडवणार नाही.

गिलिस : ...आणि येणारं पोर? त्याला कोणतं नाव शिकवायचं?

मार्सली : आधी तिला चुलीपाशी आण बाबा. ओली असेल ती.