निवृत्ती गुरुजींची गाठ

वडगाव मावळच्या एसटी थांब्यावर प्रतीक्षाच्या मागं एक तरुणी आणि एक म्हातारी बोलत होत्या.

"मावशी, काल लोणावळ्याच्या दरीत टुरिस्ट अडकला व्हता. आमी वर काढला!"

"तुमी पोरींनी? कसा गं?"

"दोर बांधून! निवृत्ती गुरुजींनी शाळेत शिकवलेली गाठ!"

"औंदा वारले ते? सुट्टीला दरीत उतरून मानसं वाचवायचे?"

"व्हय, तेच! म्हनायचे, 'कोमल, गाठीवर आदी आपला भार टाक, मग दुसऱ्याचा.' टाकला! जरा म्हनून सरकली न्हाई!"

प्रतीक्षा वळली. खांद्यावरची ओढणी काढून तिनं कोमलपुढं धरली.

"मला शिकवता? मी त्यांची मुलगी. माझी शिकायची राहूनच गेली."

"पोरींनो, गाडी आली!"

"जाऊ दे, मावशी! ताई, हे टोक धरा."