छताला कडुनिंब

...थुंकली हो, पुन्हा थुंकली, आणि थुंकली ती कुठं, तर शववाहिनीच्या दारावर. पांढऱ्याशुभ्र दारावर निळ्या रंगाचे सात ठिपके, गोवर आल्यासारखे. तुम्हाला सांगतो, मी हितेंद्र पेंटर, धुळ्यात एकतीस वर्षं पाट्या रंगवतोय, दुकानांच्या, ट्रकच्या, शाळेच्या भिंतींच्या, माझ्या हातून एक थेंब कधी इकडचा तिकडं गेला नाही, आणि ही बोटभर लांबीची रंगाची गन मला सात ठिपके पाडून दाखवते. आणि तेवढ्यात फोन वाजणार. वाजलाच. नवलभाऊ.

"हितेंद्रभाऊ, माय विचारते, कुठवर आलं?"

आता काय सांगू त्या माणसाला? ठिपक्यांवर आलं म्हणून सांगू?

थांबा, तुम्हाला नीट सांगतो. फ्लेक्स आलं आणि हातानं पाटी रंगवून घेणारा माणूस संपला, हे तुम्हाला माहीत आहेच. मग मी व्हिडिओ पाहिले. व्हिडिओत एक माणूस असतो, गनचं बटण दाबतो, हात असा नुसता फिरवतो आणि गाडीच्या टाकीवर वाघ उमटतो, मिशांसकट. मला वाटलं, हे आपलं काम. घेतला एअरब्रश, म्हणजे हीच गन, घेतला छोटा कॉम्प्रेसर, आणि वाघाची वाट पाहत बसलो. वाघ आला नाही, आले साक्री रस्त्याकडच्या एका गावचे नवलभाऊ, आणि म्हणाले, "शववाहिनी रंगवायची आहे."

आमची नूतन आतून चहा घेऊन आली होती, ती कप घेऊन तशीच माघारी गेली. नंतर म्हणाली, "अहो, नव्या यंत्राचं पहिलं काम, आणि हे?" मी म्हटलं, काम ते काम.

ऑर्डर होती नवलभाऊंच्या आईची, भिकुबाईंची. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे मालक चार वर्षांपूर्वी भर चैत्रात धुळ्याच्या दवाखान्यात वारले, आणि गावाकडं न्यायला मिळाला काय, तर कांद्याचा टेम्पो. वरून ऊन. टेम्पोवाल्यानं माणुसकी म्हणून वर एक जुना फ्लेक्स ताणला, आणि तो निघाला कोणाच्या तरी वाढदिवसाचा. म्हणजे भिकुबाई नवऱ्याच्या उशाशी बसल्या आहेत आणि डोक्यावर चाळीस तोंडं हात जोडून हसताहेत, हार्दिक शुभेच्छा, सगळीच्या सगळी उलटी. माणूस आयुष्यात कधी कोणाच्या वाढदिवसाला गेला नाही. तेव्हा बाईंनी ठरवलं की आपल्या गावातलं माणूस पुन्हा असं जायचं नाही. पाटल्या मोडल्या, जुनी व्हॅन घेतली, गावाच्या नावानं केली, आणि नवलला सांगितलं, हिच्यात पहिली मीच जाणार.

मी विचारलं, "नवलभाऊ, तारीख काय धरू?"

ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात आठ-पंधरा दिवस. छाती फार कमजोर झालीये."

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत मी दिवाळीची तारीख पाळली, लग्नाची पाळली, निवडणुकीची तर पाळलीच पाळली. पण ही कसली तारीख हो? पुढं ढकला म्हणून सांगायचं कोणाला?

पहिल्या दिवशी गनमधून काही आलंच नाही. डब्यातला रंग कपात ओतला, बटण दाबलं, नुसती हवा. अजून दाबलं, तर कपात बुडबुडे यायला लागले आणि आवाज आला, घुर्र... घुर्र... असा कफानं भरलेल्या छातीसारखा. मी गन खाली ठेवली. डोळ्यांपुढं एकदम बाज आली, आणि तिच्यावर धापा टाकणाऱ्या भिकुबाई. आणि फोन. "माय विचारते, कुठवर आलं?"

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून मिसबाह राहते. केक करते, वाढदिवसाचे, आणि केकवर असल्याच छोट्या गननं रंग मारते. ती दारावरून चालली होती, आवाज ऐकून थांबली. म्हणाली, "काका, रंग जाड आहे. दुधासारखा पातळ करा, कपाच्या कडेनं खाली उतरला पाहिजे. आणि जाळीतून गाळा. नोझल बंद पडलंय, म्हणून हवा उलटी कपात येतेय." तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, एका दमात निदान सांगून मोकळी. मी म्हटलं, बाळा, मी एकतीस वर्षं... ती म्हणाली, "हो काका, पण ब्रशनं."

नोझल उघडलं, थिनरमध्ये बुडवलं, रंग पातळ केला. दुधासारखा म्हणाली होती, मी ताकासारखा केला, म्हटलं अजून चांगला चालेल. चालला की. इतका चालला की ढग काढायला गेलो आणि रंगाला पाय फुटले, चहूकडं पळाला, दारावर हा एवढा कोळी. मिसबाह म्हणाली, "लांबून मारा, हवा कमी करा, हात थांबवू नका." हात थांबवू नका. इथं छाती थांबायची वेळ आली होती. "माय विचारते, कुठवर आलं?"

मग ते ठिपके, सुरुवातीला सांगितले ते. मिसबाह म्हणाली, "सुईच्या टोकावर रंग वाळतो, तो सुटला की थुंकते. टोक पुसत चला." पुसलं. तरी थुंकली. मग तिनं कॉम्प्रेसरकडं पाहिलं आणि विचारलं, "पाणी कधी काढलं?" मी म्हटलं, कसलं पाणी, हा हवेचा आहे. तिनं खाली वाकून टाकीच्या बुडाचा खटका फिरवला. तुम्हाला सांगतो, भाद्रपदाची दमट हवा, त्या टाकीतून तांब्याभर पाणी निघालं, गंजाचं, तांबडं. शववाहिनीच्या चाकाखालून वाहत थेट गल्लीत गेलं. समोरचे समाधानभाऊ ओट्यावर बसले होते, ते पाय वर घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरले नाहीत.

टोक पुसता पुसता सुई माझ्या हातातून पडली. फरशीवर, टोकावर. डोळ्याला काही दिसत नाही, पण नखावरून फिरवली की खरचटतं. त्या दिवशी प्रत्येक रेघ डावीकडं जात होती. मी सरळ हात धरतोय आणि रंग डावीकडं, स्मशानाच्या दिशेला, हे नूतननं शोधून काढलं, मी नाही. मला आता फोन वाजला की तो उचलायच्या आधी घाम फुटायचा. वाटायचं, या वेळी नवलभाऊ विचारणार नाहीत, सांगतील.

नवी सुई जळगावहून एसटीनं मागवली. ती आली, दारं साफ केली, नवव्या दिवशी गाडी बाहेरून झाली. ढग, त्यात कमळ, मागं गावाचं नाव. मी नवलभाऊंना म्हटलं, घेऊन जा बाबा. तर ते रिक्षा घेऊन आले, आणि रिक्षात भिकुबाई.

एवढीशी बाई हो. हाडांवर लुगडं नेसवल्यासारखी. दोघांनी धरून उतरवली. त्यांनी ढग पाहिले नाहीत, कमळ पाहिलं नाही, मागचं दार उघडायला लावलं आणि म्हणाल्या, माले मझार झोपाड. मला आत झोपव. नवलभाऊ रडायलाच लागले. बाईंनी ऐकलं नाही. आडव्या झाल्या, हात छातीवर, डोळे वर. समाधानभाऊ ओट्यावर उभे. मी मनात म्हणतोय, इथं नको, माझ्या दारात नको.

आणि आतून आवाज आला, "बठ्ठं बाहेर काढं रे भाऊ. मी तं मझार राहसू. माले काय दिसी? पत्रा."

बठ्ठं म्हणजे सगळं; सगळं बाहेरच काढलंस, मी तर आत असणार. एकतीस वर्षं मी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल ते रंगवलं. आत झोपणाऱ्याला काय दिसेल, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, आजी, काय काढू? त्या म्हणाल्या, "बाजवर पडनं म्हंजे निमना पानं दिसतस. तसं." त्यांच्या अंगणात कडुनिंब आहे, मालक जन्मभर दुपारी त्याच्याखाली बाज टाकून पडायचे. पानं आणि पानांतून आभाळ. बस. आणि निघताना मला विचारतात, "किती दिन?" मी म्हटलं, चार. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाल्या, पाहू.

आता छत रंगवायचं म्हणजे कुठून? आत झोपूनच. बाई झोपल्या होत्या तिथंच पाठ टेकून, आणि पाय बाहेर. गनचा कप वरच्या बाजूला असतो, हे तुम्हाला आता माहीत झालं असेल. मी गन छताकडं वळवली आणि कपातला सगळा हिरवा रंग माझ्या तोंडावर आला. तेवढ्यात नूतन डबा घेऊन आली. तिला काय दिसलं? शववाहिनी, तिच्यात नवरा आडवा, पाय बाहेर आणि तोंड हिरवं. डबा गेला, भाजी गेली, आणि ती जी मटकन बसली ती अर्धा तास उठली नाही. उठल्यावर म्हणाली, "हे काम सोडा." मी म्हटलं, सोडलं असतं, पण त्यांनी बोटं मोजली.

मिसबाह घरी गेली आणि स्वतःची केकची गन घेऊन आली. तिच्या गनला कप बाजूला असतो, फिरवता येतो, गन वर केली तरी कप सरळ राहतो. म्हणाली, "दहा थेंबच टाका. झाकण लावा. थोडा रंग, थोडी हवा, जवळून." मी म्हटलं, अगं, ही वाढदिवसाची गन, आणि मी ही अशा कामाला... ती म्हणाली, "काका, धुऊन द्या. जमल्यास नवी द्या."

मग मी खऱ्या कडुनिंबाच्या डहाळ्या आणल्या. पान छताला धरायचं, कडेनं फवारायचं, पान काढायचं, की पानाच्या जागी उजेड राहतो. एक पान, दुसरं पान, मागं फिकट, पुढं गडद. तीन दिवस मी त्या गाडीत पडून होतो. तुम्हाला सांगतो, तिथं पडल्यावर माणूस वेगळाच विचार करतो. इथं कोण कोण झोपणार आहे? त्यांतली किती माणसं आत्ता बाजारात मेथी घेत असतील? गन एकदाही थुंकली नाही. एकदाही घुरघुरली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली.

आणि चौथ्या दिवशी फोन आला नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. बारा दिवस ज्या फोनला मी शिव्या घातल्या, त्याच्याकडं बघत बसलो. मी लावला, तर कोणी उचलेना. शेवटची दोन पानं राहिली होती, ती मारली आणि स्वतः गाडी घेऊन निघालो. वाटेत प्रत्येक गावात माणसं टोपी काढायची. आत कोणी नाही हो, असं ओरडून सांगणार तरी किती जणांना?

नवलभाऊंच्या दारात पोचलो तर चपलांचा ढीग. बाया ओट्यावर, पुरुष कडुनिंबाखाली. मी गाडी बंद केली. मला उतरवेना. नवलभाऊ आले, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "भाऊ, माफ करा. मला उशीर झाला."

ते म्हणाले, "रात्री खूप वाईट गेली. सगळ्यांना बोलावून घेतलं." आणि मग म्हणाले, "पण ती अजून विचारतेय."

चार जणांनी बाज उचलून आणली. भिकुबाईंना आत ठेवलं. डोळे उघडे, वर. मी दाराशी उभा. एक मिनिट गेलं. दोन गेली. छाती हलतेय की नाही, कळेना. नवलभाऊंनी हाक मारली, "माय... ए माय."

आतून आलं, "गप ऱ्हाय रे. पानं हालू दे."

तुम्हाला सांगतो, तो सबंध घोळका खाली बघायला लागला. मी तर गाडीच्या मागं जाऊन उभा राहिलो, नाक पुसायला दुसरी जागा नव्हती.

नाही गेल्या त्या दिवशी. पाणी मागितलं, मग पेज मागितली. दसरा पाहिला, दिवाळी पाहिली. मधल्या दोन महिन्यांत त्या गावात एक माणूस गेलं नाही, कारण गाडीत पहिल्या त्या जाणार हे ठरलेलं, आणि त्यांच्या पुढं घुसायची कोणाची हिंमत? दिवाळीनंतर एका सकाळी झोपेत गेल्या. मी गेलो होतो. गाडी हळू चालवली, आणि वर कोणी काहीही ताणलं नाही.

मिसबाहला नवी गन घेऊन दिली. नूतन आता डबा आणताना आधी लांबून हाक मारते.

आणि ही बातमी पसरली सगळीकडं. पिंपळनेरहून एक रुपचंद तात्या आले, पाचोऱ्याहून एक तानुबाई आल्या, धडधाकट माणसं हो, आपापल्या गावची शववाहिनी घेऊन येतात, आत आडवे होतात आणि सांगतात, इकडं थोडं आभाळ वाढव, माझ्या डोळ्यांवर ऊन येतं, त्या कोपऱ्यात म्हैस काढ, नको, ती नको, आमची काळी होती. पाटीचं गिऱ्हाईक काम झाल्यावर येऊन कटकट करायचं, एक दिवस, दोन दिवस. ह्यांना नंतर येता येत नाही ना, म्हणून बठ्ठी कटकट आधीच.