टोपी कोरडी ठेवायची

माझं माहेर नायगावचं, खाडीकडचं. बाप मिठागरावर कामाला, त्यामुळे ओल म्हणजे काय ते मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. बरणीतलं मीठ संध्याकाळी बोटाला चिकटायला लागलं की पहाटे दंव पडणार, हे आमच्या घरातलं लहान पोरही सांगायचं. पुढे या एवढ्याशा गोष्टीने माझी हाडं वाचवली, काय सांगू तुम्हाला. मी वाढवून सांगणार नाही, जेवढं झालं तेवढंच सांगते, तुम्हीही तेवढंच लिहा.

लग्न होऊन उमेळ्याला आले ती याच गाडीतून. ही अंगणात उभी आहे ना, क्रीम रंगाची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, तीच. सासऱ्यांनी जुनी घेतलेली, गावातल्या नवरी मुलींना चर्चला न्यायला द्यायचे, आणि त्यांच्यामागे ती आली माझ्या नवऱ्याकडे, बावतीसकडे. आमची चर्चमधली लग्नाची मिस्सा संध्याकाळची, मग फोटो, मग मंडपात जेवणं, थंडीचे दिवस, तोवर गाडीवर दंव उतरलेलं. मी पांढऱ्या झग्यात मागे बसले, बावतीसने चावी मारली तर गाडी नुसती खोकते. मग काय, लोकांना मजाच. एक म्हणतो, बावतीस, घोडा आण रे घोडा. दुसरा म्हणतो, नवरीला लाव ढकलायला, पहिल्याच दिवशी कामाची सवय होऊ दे. सगळे हसले, मीही हसले, बावतीसपण हसला, पण त्याचा जबडा मला मागून दिसत होता, आवळलेला. ढकलत गाडी घरी आणली. अंगणात येताच त्याने डिकीतून हँडल काढलं, पुढून घालून फिरवायचं ते लोखंडी हँडल, आणि गाडीच्या मडगार्डवर घातलं, आणि धाकटा दीर अजून हसत होता त्याच्या पाठीत घातलं. दीर तिथेच गुडघ्यावर बसला. मी झग्यातच उभी. सासू म्हणाली, बाय, आत चल, तो असाच आहे. मडगार्डचा पोचा अजून आहे, बघून घ्या जाताना.

मग मार खायची पाळी माझी आली. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त, हे मी पुढे आठवून आठवून ताडलं. म्हणजे दारू सगळ्या ऋतूंत सारखीच होती, पण थंडीत गाडी सुरू व्हायची नाही, नवरीकडची माणसं अंगणात येऊन ओरडायची, चार लोकांत त्याची शोभा व्हायची, आणि माणसं गेली की तो आत यायचा. ही भुवई फुटली ती त्याच हँडलने. डावा कान पट्ट्याने गेला, म्हणून मी तुम्हाला या बाजूला बसवलं.

गफूर मिस्त्री वसई रोडहून यायचे गाडी बघायला. एकदा बावतीस त्यांच्यावरही ओरडून वाडीत निघून गेला, मी चहा घेऊन गेले, तर त्यांनी माझ्या भुवईकडे बघितलं आणि म्हणाले, बाई, तुम्हीच शिकून घ्या. बॉनेट उघडं होतं. त्यांनी एक काळी टोपी काढली, मुठीएवढी, वर वायरींची शिंगं, डेल्कोची टोपी म्हणतात तिला. आत बोट फिरवून दाखवलं, पानी. म्हणाले, करंट इथून एकेका प्लगला जातो, आत ओल असली की वाट चुकतो, मग एक तर गाडी पेटत नाही, नाहीतर भलत्याच वेळी पेटते आणि हँडल उलटं मारतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, मूठ वळायची नाही, नाहीतर मनगट गेलं समजा.

तेव्हापासून मीठ चिकटलं की मी संध्याकाळीच टोपी काढायची, घरातल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, सकाळी फडक्यात धरून तव्यावर नुसती ऊब द्यायची, जास्त नाही, तडकते ती, वायरी पुसायच्या आणि बसवायची. गाडी एका चावीत सुरू. टोपी मी काढते हे बावतीसला ठाऊक होतं, पण गावात नाव त्याचंच झालं, दवात पण याची गाडी चालते म्हणून. माझा मार थांबला नाही, पण थंडीचा मार थांबला. आणि कधी बॅटरी उतरली, त्याने हँडल हातात घेतलं, की मी पडवीतून ओरडायची, अंगठा! तो म्हणायचा, गप, कोन शिकवतंय मला. पण अंगठा काढायचा.

आता सिल्वीचं. माझी एकुलती एक, बोळिंजला दिलेली, ऑफिसात कामाला. गेल्या थंडीत एका सकाळी रिक्षाने आली, ओढणी तोंडाला धरून. ओढणी बाजूला केली तर ओठ फाटलेला, पुढचा एक दात नाही. म्हणाली, आई, मी परत जाणार नाही, तो मला मारून टाकेल. बावतीस आतून आला. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, लोक काय म्हणतील, बस गाडीत, मी पोचवतो. मी म्हटलं, राहू दे तिला. तर माझ्या थोबाडीत दिली, मी दारावर आपटले. सिल्वीला केसाला धरून नेली, मागच्या सीटवर फेकली, दार लावलं, आणि मला म्हणाला, टोपी लाव.

मी आत गेले. डब्यात हात घालून टोपी काढली, कोरडी खणखणीत. आणि हंडा होता ना पाण्याचा, त्यात बुडवली. एवढी वर्षं जिच्यावर मी ओलीचा थेंब बसू दिला नव्हता ती बुडवली, वरून पुसली आणि नेऊन बसवली.

चावी मारली, गाडी खोकली. मारतच राहिला, बॅटरी बसली. मग शिव्या देत हँडल काढलं, आणि मला म्हणाला, ही चालू झाली नाही तर हेच तुझ्या डोक्यात घालीन. पुढून घातलं, मूठ वळून धरली. मी बघितलं. अंगठा आत होता. एवढी वर्षं ओरडले, त्या दिवशी बोलले नाही. त्याने जीव खाऊन फिरवलं, आत काहीतरी धाडकन पेटलं, आणि हँडल उलटं आलं. हाड मोडल्याचा आवाज मला या बहिऱ्या कानानेही ऐकू आला. मनगट मागे वळलं होतं, हाड कातडीबाहेर. तो बैलासारखा ओरडत होता. मला गाडी बंद ठेवायची होती, एवढंच, पण मला वाईट वाटलं असं मी खोटं सांगणार नाही.

मग त्याला दवाखान्यात कोण नेणार? मी टोपी काढली, फडक्याने पुसली, तव्यावर धरली, बसवली. सिल्वीला म्हटलं, पुढे स्टिअरिंगवर बस, चावी उघड. हँडल मीच मारलं, अंगठा बाहेर ठेवून. दुसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू. मागे बावतीस हात छातीशी धरून बसलेला, तो माझ्याकडे बघत होता, त्याला कळलं. म्हणाला, तू केलंस. मी म्हटलं, हो, आणि सिल्वीला परत न्यायला निघालास तर पुन्हा करीन.

हात वाकडाच बसला, मूठ वळत नाही. पुढे एकदा डाव्याने उठला माझ्यावर, तर सिल्वीने हँडल उचललं, नुसतं उचललं. मग बसला खाली. आता पडवीत असतो, भात मी कालवून देते, द्यावाच लागतो.

सिल्वी इथेच आहे, तिच्या नवऱ्यावर केस चालू आहे. रविवारी नवऱ्या न्यायला गाडी तीच चालवते, मी पुढे तिच्या शेजारी बसते, मांडीवर फडकं. चर्चपाशी गाडी थांबली की नवरीचा झगा मीच सावरते, आणि तिच्या कानात सांगते, बाय, देव तुझं भलं करो, सुखात राहा. पण कधी परत यावंसं वाटलं तर निरोप धाड, न्यायला आलो तसं आणायलाही येऊ. दंव असलं तरी येऊ. नवऱ्या हसतात, त्यांना वाटतं म्हातारी गाडीचं कौतुक सांगते.