दुसरी वेलांटी

आमचं गाव माणदेशातलं, पाणी कमी आन दगड जास्त, आन तिथं माझी आई बायांना गोंदायची. दिव्याची काजळी खलायची, तीन सुया दोऱ्यानं बांधायची, आन तुळस, विंचू, कोयरी, ज्या बाईला जे पाहिजे ते काढायची. ती म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं माणसाबरोबर जातं. मी दुसरीतनं शाळा सोडली ती कायमची. पुढं बॅटरीची मशीन घेतली आन जत्रा धरल्या. नवऱ्याचं नाव, बदाम, महादेवाची पिंड, चाळीस वर्षं हेच केलं. ताई, तुम्ही माझ्या सुनेच्या मैत्रीण, लिहून घेताय म्हणून सांगतो, माझी रेघ कधी हलली न्हाई.

सुधीर माझं एकुलतं एक पोरगं. चार वर्षांचा असताना एका जत्रेत हरवला. मी कामात, बायको पाणी आणायला गेली, आन मागं वळून बघतोय तर पोरगं न्हाई. दुपारभर हिंडलो, शेवटी एका नारळवाल्याच्या गाड्याखाली झोपलेला घावला. लोक विचारत होते कुणाचा रे तू, तर त्याला भीतीनं नाव सांगता येत नव्हतं. मंग दुसऱ्या दिवशी मी त्याला मांडीत घेतला आन मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, त्याचं नाव गोंदलं. ठळक, दुरून वाचता यावं असं. रडला, पण मी हात हलू दिला न्हाई.

आन त्यात चूक झाली. आज म्हणतो चूक झाली, तवा म्हणत नव्हतो. ध ला दुसरी वेलांटी पाहिजे, मी पहिली दिली. तिसरीत मास्तरांनी त्याला उभं केलं, हात वर करायला लावला आन वर्गाला म्हणाले, बघा, याच्या बापाला पोराचं नाव लिहिता येत न्हाई. पोरगं घरी आलं, म्हणालं, बाबा, हे चुकलंय. काय सांगू तुम्हाला, मी म्हणालो, जा, मास्तरला सांग, माझ्या सुईतनं चूक निघत न्हाई. पुढं कॉलेजात, लग्न ठरताना, दरवेळी त्यानं पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला आन दरवेळी मी तेच म्हणालो.

तो इंजिनिअर झाला, इथं जर्मनीत रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात लागला. त्याची आई तोवर गेली होती, मी गावातच राहिलो. चार वर्षांमागं उन्हाळ्यात व्हिडिओ कॉलवर त्याचा हात दिसला. खांद्यापास्नं खाली सगळा हात भरलेला, लाटा, पानं, मासे. मी गोंदणारा माणूस, मला वाटलं मला कळायचं ते कळलं. माझं अक्षर झाकायला यानं अख्खा हात काळा केला. तो म्हणाला, बाबा, ऐका तर, हे जपानी काम आहे, याच्यात प्रत्येक गोष्टीला अर्थ असतो. मी म्हणालो, एका वेलांटीसाठी बापाला काळं फासलंस, आता तोंड दाखवू नको. तवापास्नं धड बोललो न्हाई. सूनबाई अश्विनी फोन करायची, नात ईरा हॅलो आजोबा म्हणायची आन पुढं सगळं जर्मन, मी हूं हूं करायचो.

यंदा थंडीत त्याचा फोन आला. बाबा, एप्रिलात या, तिकीट मी काढतो, तुमच्या हाताचं एक काम आहे इथं. मी म्हणालो, तुझ्या जर्मनीत माझ्यासारख्या अडाण्याचं काय काम. आन ठेवला फोन. ते शेवटचं. मार्चात कामाला जाताना बसमध्ये छातीत कळ आली आन गेला. बेचाळीस वर्षांचा.

इथं मयत लगेच नेत न्हाईत, म्हणून मी पोचलो तवा तो होता. कोट घातलेला, बाह्या पार मनगटापर्यंत. अश्विनी म्हणाली, बाबा, हात बघायचाय का, मी बाही वर करते. मी न्हाई म्हणालो. माझ्या कामावर फासलेलं काळं मला बघायचं नव्हतं, एवढाच हट्ट. आन तो हात जळून गेला.

राखेवर लहानसा दगड बसवला, त्यावर इथल्या अक्षरात नाव. मी ईराला विचारलं, यात वेलांटी कुठली गं. ती म्हणाली, गिब्ट्स निष्ट, आजोबा. म्हणजे असली भानगडच न्हाई इथं. मंग माझ्या मनात आलं, ह्या देशात त्याची वेलांटी कुणाला वाचता येत नव्हती, तरी यानं झाकली, म्हणजे लाज न्हवं, राग होता, माझ्यावरच.

एप्रिलात एक फोन आला, टोमास म्हणून गोंदणाऱ्याचा. सुधीरचा टर्मिन होता, आला का न्हाई म्हणून. टर्मिन म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, इथं त्याच्याशिवाय केसं पण कापत न्हाईत. अश्विनी सांगायला निघाली, मी म्हणालो, मी पण येतो. सुधीरचा हात भरणाऱ्या त्या माणसाला मला दोन शब्द ऐकवायचे होते.

टोमास पिकल्या दाढीचा. अश्विनीनं सगळं सांगितलं. मंग त्यानं खणातनं एक लांब कागद काढला, त्यावर सुधीरचा अख्खा हात काढलेला. तो बोलत होता, अश्विनी मराठीत सांगत होती. धबधबा चढून जातो तो मासा ड्रॅगन होतो, जपानी लोक असं मानतात. पोरांच्या सणाला ते माशांचे झेंडे लावतात, काळा मासा बाप, निळा मासा लेक. लाल पानं पानगळीची, दिवस सरतात म्हणून, आन ती घातली की त्यात वसंतातली फुलं घालायची न्हाईत, ऋतू मोडतो. मी बघत होतो. काळा मासा वर खांद्याशी, धारेच्या विरुद्ध चढलेला, निळा त्याच्या मागनं. टोमास म्हणाला, सुधीर सांगायचा, माझा बाप कधी मागं वळत न्हाई, तसाच काढ.

मी विचारलं, आन माझी अक्षरं कुठल्या लाटेखाली घातलीस?

त्यानं कागदाच्या खालच्या टोकाला बोट ठेवलं. तिथं मनगटाच्या वर, माझ्या अक्षरांपुरती, कोरी जागा होती, पाणी तिला वळसा घालून गेलेलं. म्हणाला, अर्ध्या तासात झाकली असती, पण सुधीरनं हात लावू दिला न्हाई. सुधीर म्हणाला, ज्यानं गोंदलं तो उस्ताद हयात आहे, त्याच्या कामावर दुसऱ्याची सुई चालत न्हाई. टोमासला शिकवणाऱ्या जपानी म्हाताऱ्याचा हाच नेम. माझ्या आईचा पण हाच.

मंग त्यानं वही उघडली. टर्मिन दोन माणसांचा होता. सुधीर आन त्याचा बाप. पोरगं वाढलं तशी कातडी ताणली, ध आन र मधी जागा झाली, तिथं मी माझ्या हातनं दुसरी वेलांटी द्यायची, आन पहिलीची काठी टोमासनं पाण्याच्या रेघेत मिसळायची, असं ठरलेलं. हे होतं माझ्या हाताचं काम. काय सांगू तुम्हाला, मी त्याला ऐकवायला गेलो होतो, आन वहीतली ती ओळ अश्विनीकडनं तीनदा वाचून घेतली.

कागद त्यानं आम्हाला दिला. काल ईरा पेन घेऊन बसली, म्हणाली त्या मोकळ्या जागेत पापाचं नाव घालायचं, मराठीत. आईकडनं थोडी अक्षरं शिकलीय. सु काढला, ध काढला आन थांबली. कुर्त्स ओडर लांग, आजोबा? आखूड का लांब. तिनं परत विचारलं. मंग म्हणालो, लांग. दुसरी. तिनं काठी ओढली, जराही न हलता. रेघ आमच्या घरातली आहे.

दोन आठवड्यांत माझा व्हिसा संपतो, मी गावाला जाईन. कागद ईराच्या खोलीत राहील. आई म्हणायची तसं गोंदण बरोबर गेलं असेल, तर पोरगं माझी चूक घेऊन गेलं. जपून ठेवली होती त्यानं, माझ्यासाठी. पोरीला आन तिच्या आईला देवानं सुखात ठेवावं, माझं काही मागणं न्हाई. फक्त ताई, तुम्ही हे लिहून काढाल तवा त्याचं नाव जिथं जिथं येईल तिथं दुसरी वेलांटी द्या. आन एकदा परत बघून घ्या.